आधी मी, मग मर्डिना

टॉर्किलच्या आणि माझ्या मागाच्या खोपटात एकच भिंत होती, दगडी, दोन हात जाड. तरी पलीकडचा माग ऐकून मला त्याच्या घरात काय शिजतंय ते कळायचं. मनात शांतता असली की पायांची लय अशी पडायची की ऐकता ऐकता माझंही कापड सुधारायचं. रागावला असला की ताण्याचा धागा तुटायचा. आणि त्या वसंतात, ज्याची ही गोष्ट आहे, तो माग सहा आठवडे नुसता धडपडत होता. मी बायकोला म्हटलं, टॉर्किलला एक तर दातदुखी आहे नाहीतर हेवा. बायको म्हणाली, दात तर त्याने गेल्या वर्षीच काढलेत.

माझ्यासारख्या माणसाला गोष्ट सरळ सांगता येत नाही, हे आमच्या शाळेतल्या मास्तरांनी मी नऊ वर्षांचा असतानाच सांगून ठेवलंय. तरी प्रयत्न करतो.

आमचं लुईस बेट लहान, स्कालविक गाव त्याहून लहान. गावात टॉर्किल नावाची चार माणसं होती, म्हणून याला सगळे 'टॉर्किल गळा' म्हणायचे. आमच्या देवळात पेटी नाही, वाजंत्री नाही, माणसांनी रचलेली गाणी नाहीत. फक्त दाविदाची स्तोत्रं, आमच्या गेलिक भाषेत. व्यासपीठाच्या खाली एक चौकोनी लाकडी खोका असतो. त्यात बसून एक माणूस ओळ सोडतो आणि मग चारशे माणसं ती ओळ उचलून आपापल्या वाटेने वर नेतात, जशी लाट खडकावर चढते तशी. त्या खोक्यात टॉर्किलचा आजा बसायचा, मग बाप, आणि वयाच्या पंचविशीपासून तो. दीडशेच्या दीडशे स्तोत्रं पाठ. त्याने ओळ सोडली की म्हातारे मच्छीमार डोळे मिटायचे. मी मिटायचो नाही. मी त्याच्या तोंडाकडे बघत बसायचो, कारण पंधरा वर्षं मला वाटत होतं की हा एक दिवस आजारी पडावा आणि त्या खोक्यात मी बसावं. हे मी आज मोकळेपणाने सांगतो. हेवा कसा असतो हे मला बाहेरून माहीत नाही.

पण एवढा गळा असून टॉर्किल कधी प्रभूच्या मेजाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाच्या भोजनाला, बसला नव्हता.

हे आमच्याकडे कोणाला नवल वाटायचं नाही. चारशे माणसं देवळात, मेजाला बसणारी जेमतेम तीस. बाकीचे सगळे जन्मभर येतात, ऐकतात, पाळकाचा पगार भागवतात आणि मागे बसून राहतात. कारण आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं असतं की देवाने जगाचा पाया घालण्याच्या आधीच आपली माणसं निवडून ठेवलीत. आपल्या गुणांनी ती निवड मिळत नाही आणि आपल्या खोडीने ती सुटत नाही. ज्याच्या मनात तिची खूण उमटते त्याने पाळकाकडे जायचं, देवळाच्या पंचांपुढे उभं राहून सांगायचं. पंचांची खात्री पटली तर शनिवारी ते हातात शिशाचा एक बिल्ला ठेवतात. चौकोनी, अंगठ्याच्या नखाएवढा, त्यावर देवळाचं नाव आणि साल कोरलेलं. रविवारी समोरच्या बाकांवर पांढरं कापड अंथरलेलं असतं. त्या बाकांच्या तोंडाशी एक पंच उभा असतो. बिल्ला त्याच्या हातात द्यायचा आणि आत जाऊन बसायचं. बिल्ला नाही तर मेज नाही, मग तुम्ही कोणीही असा.

टॉर्किल वीस वर्षं ओळ सोडून लोकांना त्या मेजाकडे नेत होता, आणि ते बसले की आपण खोक्यात बसून राहत होता. दर वेळी त्याला वाटायचं, या खेपेला खूण उमटेल. स्तोत्रं पाठ आहेत, बाप-आजा पंच होते, दारू कधी शिवली नाही, रविवारी विहिरीतून पाणी काढलं नाही. मी एकदा त्याला विचारलं, तू जातोस का नाही एकदाचा. तो म्हणाला, बोलावल्याशिवाय कोणाच्या घरी जेवायला जात नाहीत.

आता मर्डिना. ती त्याची बायको, आणि ती ओढ्यापलीकडची.

ओढ्यापलीकडे म्हणजे पत्र्याचं देऊळ. आमच्या आज्यांच्या वेळी मंडळी दुभंगली. कशावरून, ते मला तीन जणांनी तीन तऱ्हेने सांगितलंय. त्यांची स्तोत्रं तीच, प्रश्नोत्तरांचं पुस्तक तेच, उपदेश आमच्याइतकेच लांब. पण खरी मंडळी आपलीच, हे दोघांनाही पक्कं ठाऊक. देवाने कोणाला निवडलंय हे माणसाला कळत नाही असं दोन्ही पाळक सांगायचे. ओढ्याच्या कोणत्या अंगाची माणसं निवडलीत हे मात्र दोन्ही अंगांना कळलेलं होतं. आमच्या गावातला एक जण आपला मेंढा पलीकडच्या कळपाला द्यायला तयार नव्हता. मी त्याला म्हटलं, मेंढ्याचा बाप्तिस्मा कुठे झालाय? आठ महिने बोलला नाही माझ्याशी.

मर्डिना लग्न करून ओढा ओलांडून आली आणि आमच्या देवळात बसायला लागली. टॉर्किलच्या आईने तिला पहिल्याच रविवारी सांगितलं होतं, आता तू खऱ्या मंडळीत आलीस हो पोरी. मर्डिना म्हणाली होती, बाक मात्र तेवढंच कडक आहे.

अशी होती ती. गोल चेहऱ्याची, हसरी, हेरिंग मासळी साफ करताना सुरी अशी चालायची की बघत राहावं. उपदेशात तिला झोप यायची. तोंडात पेपरमिंटची गोळी, डोकं हळूहळू खांबाला टेकायचं आणि गोळी संपली की जागी व्हायची. टॉर्किल खोक्यातून बघायचा आणि कानापर्यंत लाल व्हायचा. घरी जाऊन म्हणायचा, आज पाळक काय बोलले सांग. ती म्हणायची, पाप वाईट असं म्हणाले, नाही का?

तर त्या मर्डिनाला खूण उमटली. टॉर्किलला नाही, तिला.

फेब्रुवारीत कधीतरी. तिनेच माझ्या बायकोला सांगितलं होतं, आणि कोणी विचारलं तर तसंच सांगायची, जास्तीचा एक शब्द नाही. लोणी काढायचा डेरा धूत होती. एकदम तिच्या मनात आलं की हा डेरा नव्हता, हे घर नव्हतं, समुद्रसुद्धा नव्हता, तेव्हाही देवाने मला धरलेलं होतं. मग तिने डेरा पालथा घालून ठेवला आणि जरा वेळ ओट्याला टेकून उभी राहिली. बस्स.

नवऱ्याला तिने पंधरा दिवस सांगितलं नाही. मला वाटतं, त्याला ते कसं लागेल हे तिला ठाऊक होतं. पण अशी गोष्ट लपत नाही. ती देवळात जागी राहायला लागली. चुलीत दलदलीतून कापलेल्या जळाऊ मातीच्या ढेपा सारताना गुणगुणायला लागली. आणि एक दिवस गावातल्या तीन म्हाताऱ्या, ज्या चाळीस वर्षं मेजाला बसत होत्या आणि टॉर्किलला रस्त्यात फक्त मान हलवून दाखवायच्या, त्याच्या घरी आल्या. त्याच्याच खुर्चीवर बसल्या आणि मर्डिनाचा हात हातात धरून एकही शब्द न बोलता अर्धा तास रडल्या. टॉर्किल दारात ढेपांची टोपली घेऊन उभा होता. कोणी त्याला टोपली ठेव म्हणालं नाही.

त्या दिवसापासून पलीकडचा माग धडपडायला लागला.

हेवा करायचा तर माणूस शेजाऱ्याच्या गाईचा करतो, भावाच्या जमिनीचा करतो. त्यावर काही इलाज तरी असतो. जास्त राबावं, नाहीतर कोर्टात जावं. देवाने आपल्याच बायकोला आपल्या आधी निवडलं, याच्यावर काय करणार? आणि तीही ओढ्यापलीकडची, उपदेशात घोरणारी. एका ताटलीतले बटाटे खायचे, एका पांघरुणात निजायचं, आणि मध्ये अनंतकाळ. तो तिच्याकडे बघायचा आणि त्याला वाटायचं, हिच्या चेहऱ्यावर जे आहे ते मुळात माझं होतं. वाटेत कुठेतरी पत्ता चुकला.

मग तो तिच्या चुका शोधायला लागला. निवडलेली नाही एवढं सिद्ध झालं की पुरे. एकदा रविवारी मांजर दुधाच्या भांड्यात पडलं आणि मर्डिना डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. शब्बाथाच्या दिवशी, मोठ्याने. टॉर्किल सोमवारी सकाळीच ही बातमी घेऊन ईव्हरकडे गेला.

ईव्हर आमचा सर्वांत वयस्कर पंच. ब्रह्मचारी, डाव्या हाताची दोन बोटं दोरखंडात गेलेली. बोलायचा कमी, आणि बोलला की समोरच्याला घरी जाऊन कळायचं. तो तेव्हा किनाऱ्यावर जाळं सांधत बसला होता. मी शेजारीच होतो, म्हणून हे मला माहीत. टॉर्किलने सगळं सांगितलं. आपल्याला काही म्हणायचं नाही, पण पंचांना ठाऊक असावं, एवढंच.

ईव्हरने गाठ मारली. मग विचारलं, "मांजर जगलं का?"

"जगलं."

"मग हसू दे की तिला."

टॉर्किल परत गेला. मी हसलो असतो, पण त्याची पाठ बघितली आणि हसू आलं नाही.

एप्रिलमध्ये आमच्याकडे प्रभुभोजनाचे दिवस आले. गुरुवार ते सोमवार, रोज देऊळ. दूरदूरच्या गावांहून पाहुणे येतात आणि घराघरात जमिनीवर झोपतात. टॉर्किलच्या घरी त्या खेपेला अकरा जण होते. मर्डिना मोठ्या पातेल्यात मटणाचा रस्सा ढवळत होती आणि सगळे पाहुणे, परगावचे पंचसुद्धा, तिच्याशीच बोलत होते. टॉर्किलला त्यांनी विचारलं ते एवढंच, की रविवारी कुठल्या चालीवर ओळ सोडणार.

शुक्रवारी प्रश्नाचा दिवस असतो. एक जण उभा राहून प्रश्न घालतो आणि जाणती माणसं एकेक करून आपल्या अनुभवातून बोलतात. त्या दिवशी प्रश्न निघाला, मंडळीचा जिवंत अवयव आणि नुसता मंडळीत बसणारा माणूस यांतला फरक कसा ओळखावा? टॉर्किल खोक्यात पुढे सरकून बसला. त्याला वाटलं, आता कोणीतरी सांगेल की पाठांतर, वागणूक, बापजाद्यांची निष्ठा. कोणी सांगितलं नाही. एक जण म्हणाला, जिवंत माणसाला थंडी वाजते. दुसरा म्हणाला, आपण निवडलेले आहोत का या भीतीने मी तीस वर्षं झोपलो नाही, आणि त्या भीतीनेच मला सांभाळलं. ईव्हर शेवटी उठला आणि एवढंच बोलला की मेलेल्या माणसाला शेजाऱ्याच्या ताटात काय वाढलंय त्याचं काही वाटत नाही. मग बसला. आम्हाला तेव्हा ते नीट कळलं नाही. टॉर्किलला तर मुळीच नाही, त्याचं लक्ष मर्डिनाकडे होतं.

त्याच संध्याकाळी ती पंचांपुढे गेली. शनिवारी उपासना संपल्यावर ईव्हरने तिच्या तळहातावर बिल्ला ठेवला. घरी येऊन तिने तो फडताळावरच्या निळ्या कपात टाकला. कपात पडताना बारीकसा आवाज झाला. टॉर्किल मला पुढे अनेकदा म्हणायचा, तो आवाज त्याला अजून येतो.

आता त्याने जे केलं ते दुसऱ्या कुठल्या मुलखातल्या माणसाला सुचलंच नसतं. साधा चोर वस्तू हवी म्हणून चोरतो. टॉर्किलने त्यामागे सिद्धांत बसवला. त्याने स्वतःला सांगितलं, देवाने हिला खरंच निवडलं असेल तर माझा हात तिला अडवू शकत नाही. आणि माझ्या हाताने ती अडली तर ती निवडलेली नव्हतीच. मग मी काही वाईट केलं नाही, उलट मेज बाटण्यापासून वाचवलं. दोन्हीकडून आपण सुटलो. असा विचार करून, रविवारी सकाळी पाहुणे दारात बूट चढवत होते आणि मर्डिना टोपीला पिन लावत होती, तेवढ्यात त्याने कपातला बिल्ला काढून बंडीच्या खिशात टाकला.

निघताना ती फडताळापाशी गेली. कपात बघितलं. कप उचलून उलटा केला. मागे, खाली, चटईवर. मग तिने नवऱ्याकडे बघितलं.

"कपात नाही," ती म्हणाली.

"नसेल तर नसेल," तो म्हणाला. "ज्याने द्यायचा त्याने दिला असता तर राहिला असता."

तिने हातमोजे घातले आणि ती पाहुण्यांबरोबर चालायला लागली. टॉर्किल दहा पावलं मागे. त्याला वाटलं, झालं. ही आता जागेवरून उठणार नाही.

देऊळ त्या दिवशी असं भरलं होतं की दारात माणसं उभी. समोरची पांढऱ्या कापडाची बाकं रिकामी. भोजनाआधी पाळक मेजाला कुंपण घालतो, म्हणजे कोणी येऊ नये ते एकेक करून सांगतो. मूर्तिपूजक, शब्बाथ मोडणारा, आईबापांचा अपमान करणारा. आमचा पाळक तरुण होता, पण ही यादी वाचताना घाई करायचा नाही. खोका व्यासपीठाच्या अगदी खाली असल्यामुळे प्रत्येक शब्द टॉर्किलच्या डोक्यावर पडत होता. चोर. खोटी साक्ष देणारा. हेवा करणारा. टॉर्किलचा हात बंडीवर गेला, मला दिसला. मला वाटलं पोटात दुखतंय.

मग पाळकाने एकशे तिसरं स्तोत्र दिलं. ते गाता गाताच लोक उठून मेजाकडे जातात. टॉर्किलने ओळ सोडली. खरं सांगतो, त्या दिवशी त्याचा गळा कधी नव्हता इतका चांगला लागला होता. हेव्यानेही गळा उघडतो, हे मला तेव्हा कळलं. लोक उठायला लागले. नेहमीच्या म्हाताऱ्या, दोन मच्छीमार, परगावचे पाहुणे. ईव्हर बाकाच्या तोंडाशी हात पसरून उभा, त्याच्या तीन बोटांच्या पंज्यात एकेक बिल्ला पडत होता.

आणि मर्डिना उठली.

ती रांगेत आली. सावकाश, काळ्या कोटात, पर्स न घेता. ईव्हरपुढे पोचली आणि हात पुढे केला. हात रिकामा. ईव्हरने हाताकडे बघितलं, मग तिच्या तोंडाकडे. काल त्यानेच दिलेला होता. देवळातल्या प्रत्येकाला माहीत होतं. पण नियम म्हणजे नियम. त्याने हळूच नकाराची मान हलवली.

मर्डिना परत जागेवर गेली नाही. रडली नाही, कोणाकडे बोट दाखवलं नाही. मागच्यांना वाट द्यायला एक पाऊल बाजूला झाली आणि पांढऱ्या कापडाच्या टोकाशी उभी राहिली, जसं कोणी बसच्या थांब्यावर उभं राहावं. गाडी येणार हे ठाऊक असल्यासारखी.

टॉर्किलने तोंड उघडलं. पुढची ओळ होती, बाप लेकरांची जशी कीव करतो ती. ओळ आली नाही.

आमच्याकडे स्तोत्र मध्येच थांबणं म्हणजे होडी मध्येच थांबल्यासारखं. चारशे माणसं शेवटच्या सुरावर लोंबकळत राहिली आणि मग एकेक करून गप्प झाली. बाहेर मेंढ्या ओरडत होत्या ते ऐकू यायला लागलं. मी पहिल्या रांगेत. पाळकाने वरून माझ्याकडे बघितलं. पंधरा वर्षं मी याच क्षणाची वाट बघत होतो, बरं का. मी ओळ सोडली. इतक्या उंच सुरात सोडली की माझे मलाच कान दुखले. चारशे माणसांना त्याच सुरात मागे यावं लागलं. म्हातारे मच्छीमार चिमण्यांसारखे चिवचिवले. परगावच्या एका पाहुण्याने नंतर माझ्या बायकोला विचारलं म्हणे, तुमच्याकडे ही चाल कोणती? त्यानंतर मला त्या खोक्याबद्दल कधी कोणी विचारलं नाही आणि माझा हेवा तिथेच मेला. टॉर्किलचा एवढ्या स्वस्तात सुटला नाही.

मी किंचाळत असताना तो खोक्याचं दार उघडून बाहेर आला. चार पावलं. बंडीच्या खिशातून बिल्ला काढला आणि ईव्हरच्या हातात ठेवला.

"तिचा आहे," तो म्हणाला. "मी घेतला होता."

हळू बोलला, पण पहिल्या चार रांगांनी ऐकलं, आणि आमच्याकडे चार रांगा म्हणजे सगळं बेट. ईव्हरने बिल्ला मुठीत घेतला आणि मर्डिनाला वाट दिली. ती आत जाऊन बसली. टॉर्किल खोक्याकडे परत फिरला नाही. मधल्या वाटेने सरळ चालत गेला आणि अगदी दाराशेजारच्या बाकावर बसला, जिथे उशिरा येणारे आणि ज्यांची शनिवारची दारू उतरलेली नसते असे बसतात. त्यांनी सरकून जागा दिली.

सोमवारी पंच बसले. टॉर्किलला बोलावलं. त्याने आपला तो सिद्धांत सांगायला सुरुवात केली, की देवाचा ठराव माणसाच्या हाताने मोडत नाही वगैरे. ईव्हरने त्याला मध्येच थांबवलं. म्हणाला, देवाच्या ठरावाबद्दल आम्ही विचारलं नाही, तुझ्या बंडीबद्दल विचारलं. मग टॉर्किल म्हणाला, मी तिचा हेवा केला. पंचांनी ते लिहून घेतलं आणि खोक्यातली जागा काढून घेतली, किती दिवसांसाठी ते न सांगता.

घरी आला तेव्हा पाहुणे गेले होते. मर्डिना बटाटे सोलत होती. हे मला टॉर्किलनेच सांगितलं, म्हातारपणी, भिंतीला पाठ टेकून उन्हात बसलो असताना. त्याला वाटलं होतं ती ओरडेल. ती म्हणाली, "चिडलास तो माझ्यावर की देवावर?"

त्याने टोपी काढून खुंटीला लावली. मग म्हणाला, "त्याच्यावर. तू मध्ये आलीस."

"मग त्याच्याशी भांड. मला हे उकडायचेत." जरा वेळाने पुन्हा म्हणाली, "आणि टॉर्किल, भांडताना माझं नाव घे. त्याच्या ओळखीचं आहे."

हे शेवटचं वाक्य आपण तिला कधी माफ केलं नाही, असं टॉर्किल मला म्हणाला. आणि हसला.

सहा वर्षं तो दाराशेजारच्या बाकावर बसला. मागून ओळ उचलायचा, पण पुढे दुसरा कोणी होता. वर्षातून दोनदा मर्डिना उठून मेजाला जायची आणि तो बघायचा. माग पलीकडे चालायचा. धडपड कमी झाली होती, पण एप्रिल आणि ऑक्टोबर आला की मला भिंतीतून कळायचं.

सातव्या वर्षी ऑक्टोबरच्या शुक्रवारी तो स्वतःहून पंचांपुढे गेला. ईव्हर तेव्हा नव्वदीला टेकला होता, काठी टेकत यायचा. पाळकाने विचारलं, तुझ्याजवळ काय खूण आहे? आमच्याकडे या प्रश्नाला लोक वचनं सांगतात, स्वप्नं सांगतात, कुठल्या उपदेशात काय झालं ते सांगतात. टॉर्किल म्हणाला, माझ्याजवळ तसलं काही नाही. मला कधी डेरा धुताना काही कळलं नाही.

"मग कशाला आलास?" पाळक म्हणाला.

"मला अजून तिचा हेवा वाटतो," टॉर्किल म्हणाला. "सात वर्षं झाली. तिच्या गाईचा नाही, तब्येतीचा नाही. त्या मेजाचा. मला दुसऱ्या कशाचा एवढा वाटला नाही कधी. तेवढंच आहे."

तरुण पाळकाने ईव्हरकडे बघितलं. ईव्हरने काठी गुडघ्यावर आडवी ठेवली आणि बिल्ल्यांची थैली ओढून घेतली.

"मी त्या शुक्रवारी बोललो होतो," तो म्हणाला. "तू ऐकत नव्हतास. मेलेल्याला भूक लागत नाही, बाळ." आणि थैलीतून एक काढून टेबलावर सरकवला.

त्या रविवारी टॉर्किल मेजाला बसला. दाराच्या बाकापासून पुढे यायला लांबचं अंतर, आणि तो असा चालला जसं प्रत्येक पावलाला कोणी परत बोलवेल. कोणी बोलावलं नाही. ईव्हरच्या पंज्यात बिल्ला पडला. आत सरकला तेव्हा मर्डिनाच्या शेजारचीच जागा रिकामी होती. तिने कोट पसरून धरून ठेवली होती असं माझी बायको म्हणते. मी उपासनेनंतर दारात त्याला गाठलं. आयुष्यभर ज्यासाठी झुरला ते मिळाल्यावर माणूस काय म्हणतो, ते मला ऐकायचं होतं. त्याने टोपी हातात फिरवली.

"ती माझ्या आधी बसली होती," तो म्हणाला.

पुढे पंचांनी त्याला खोका परत दिला आणि तो ऐंशीपर्यंत ओळ सोडत राहिला. मर्डिना त्याच्या आधी गेली, मार्चमध्ये, न्यूमोनियाने, चार दिवसांत. आमच्याकडे शवपेटी पुरुष खांद्यावर नेतात, जोड्यांनी, पाळी बदलत, समुद्राकडच्या कबरस्तानापर्यंत. बायका घरी राहतात. डोक्याकडची दोरी नवऱ्याच्या हातात असते. पेटी खाली गेली, टॉर्किलने आपली दोरी सोडली. वारा असा होता की पाळकाचं बोलणं अर्धं समुद्रात गेलं. आम्ही माती लोटली, वर हिरवळीचे तुकडे बसवले, फावड्याच्या पाठीने थोपटले.

सगळे फिरले. मी त्याच्यासाठी थांबलो. तो टोपी घालत होता, आणि माझ्याशी नाही, खाली मातीशी बोलत होता, त्याच चिडक्या आवाजात, जो मी पन्नास वर्षं भिंतीतून ऐकत आलो होतो.

"बघ," तो म्हणाला, "परत आधी तूच."

मग त्याने माझा दंड धरला आणि आम्ही चढ चढायला लागलो.